भांडं पडलं की पळायचं

लातुरात क्लासच्या पोरांना जेवू घालणाऱ्या खाणावळी पैशाला पासरी. आज उघडलेली मेस पुढच्या सीझनला दिसेलच असं नाही. तरी पार्वतीबाईंची मेस गल्लीत टिकून राहिली, कारण त्या पोरांना मेंबर समजत नसत. ताटावर बसलेल्या पोराचं तोंड बघूनच आज टेस्ट कशी गेली ते त्यांना कळायचं. तोंड पडलेलं असलं की न विचारता भाजी जास्त वाढायची, एवढंच.

दारातून आत पाऊल टाकलं की समोर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर दिसे. खेड्यापाड्यांतून पालक पोराला घेऊन चौकशीला येत. काही जण तसबिरीकडे बघत, मग "विचार करून सांगतो" म्हणून जात ते जातच. सुलतानबी, म्हणजे शेजारची, भाजी चिरायला येणारी, एकदा म्हणाली होती, "अगे, आतल्या खोलीत लाव की फोटू. धंद्याला काय धर्म?"

"ज्याला भूक हाय तो यील," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि तसबीर होती तिथेच राहिली.

ह्याच मेसवर त्यांनी आदर्शला शिकवलं. तो बारावीला असताना ह्याच पंगतीत शेवटच्या ताटावर बसून पुस्तक वाचत जेवायचा. दुसऱ्यांच्या पोरांना "आणखी घे" म्हणता म्हणता आपल्या पोराकडे बघायला पार्वतीबाईंना सवड झाली नाही, आणि बघेपर्यंत तो इंजिनियर होऊन जर्मनीत गेला. नांदेडची सून उत्पला आली, दोन लेकरं झाली, तीही तिकडेच. मोबाइलच्या काचेत दिसायची तेवढीच.

मग एके दिवशी आदर्शचा फोन आला. "माय, उत्पलाची रजा संपायलीय. धाकट्या बोधीला इथल्या बालवाडीत नव्या वर्षापर्यंत जागा न्हाई. तू तीन महिने ये. हे तीन महिने नीट गेले तर दरवर्षी येत जा. लेकरं तुझ्या हाताखाली राहतील."

तीन महिने नीट गेले तर. पार्वतीबाईंनी हे शब्द पदराला गाठ मारल्यासारखे मनात बांधून ठेवले. आपल्या पोराचं बाळपण हातून निसटलं, नातवंडांचं तरी सापडावं, याहून वेगळं त्यांना काही नको होतं.

"जर्मनीत जाऊन भाकरी थापनार का तू?" सुलतानबीने विचारलं. "तिथं परात तरी मिळती का?"

"घेऊन चालले की."

"इमानात परात? पोलीस धरतील तुला. म्हनतील, बाई बाँब घेऊन आली."

दोघी पोट धरून हसल्या. मेस तीन महिने सुलतानबीने सांभाळायची ठरलं.

पार्वतीबाईंचं गाव तेरणेच्या काठी होतं. होतं म्हणायचं, कारण किल्लारीच्या भूकंपात ते राहिलं नाही. त्या पहाटे घर हललं तेव्हा नवरा साहेबराव पाच वर्षांच्या आदर्शला काखोटीला मारून बाहेर पडला. मागून पार्वतीबाई निघाल्या. थोरली महामाया, आठ वर्षांची, त्यांच्या मागेच होती. पण पोरीला आदल्याच बाजारी नव्या चपला घेतलेल्या. ती उंबऱ्याशी वाकून अंधारात चपला शोधत थांबली. दगडामातीची भिंत तिच्यावर आली.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना बायकांनी एक रीत पाडली. निजण्याआधी तांब्या पालथा घालायचा, त्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन जराशी जरी हलली तरी वाटी आधी पडणार. वाटी वाजली की पळायचं, काही शोधायचं नाही, काही घ्यायचं नाही. हळूहळू बाकीच्या बायांनी ते सोडलं. पार्वतीबाईंनी सोडलं नाही. लातुरात आल्यावरही भांड्यांची ही उतरंड रोज रात्री दाराजवळ उभी राहायची. साहेबराव डाळमिलमध्ये हमाली करत करत खंगून गेला, आदर्श परदेशी गेला, घरात त्या एकट्या उरल्या, तरी उतरंड होतीच. आदर्शला मुलगी झाली तेव्हा नाव काय ठेवायचं, असं त्याने फोनवर विचारलं. पार्वतीबाईंनी महामाया सांगितलं. तो बरं म्हणाला.

श्टुटगार्टमधलं आदर्शचं घर तिसऱ्या मजल्यावर. घर उबदार, स्वच्छ, आणि इतकं शांत की पार्वतीबाईंना पहिले काही दिवस आपल्याला कमी ऐकू यायला लागलं की काय असं वाटलं. सकाळी सगळ्यांची धांदल. आदर्श महामायाला मोजे, जाड पँट, त्यावरून पावसाची पँट, बूट, टोपी असं कोंबून भरायचा आणि सायकलवर पुढे बसवून बालवाडीत सोडून कामावर जायचा. उत्पला त्याआधीच गाडी पकडायला गेलेली. बालवाडीला तिथे किटा म्हणतात. पाऊस असो, थंडी असो, तिथल्या बाया लेकरांना अंगणात चिखलात सोडतात आणि लेकरं त्यात लोळतात. पार्वतीबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या धावतच पुढे झाल्या होत्या. आदर्शने हात धरून थांबवलं.

"माय, हे मुद्दाम करतात."

"चिखलात घालायला फी भरायलास व्हय रे?"

दिवसभर दीड वर्षाचा बोधी त्यांच्यापाशी. त्याचं काही अडलं नाही. मऊ भात, तूप, मीठ; मांडी हलवली की झोप. तीन वाजता त्याला बाबागाडीत घालून पलीकडच्या गल्लीतून महामायाला आणायचं. अडचण तिची होती. चार वर्षांची पोर आजीकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघे. घरात आईबाप मराठी बोलत ते तिला कळे, पण उत्तर ती जर्मनमध्ये देई. आजीने केलेली भाकरी तिने बोट लावून बाजूला सारली. संध्याकाळी सगळे पाव, लोणी, काकडी असं गार जेवण घेत. चूल पेटवायची ती पार्वतीबाईंनी स्वतःपुरती. सात वाजले की लेकरं आपापल्या पलंगावर, दिवा बंद. पार्वतीबाई जवळ बसून डोक्यावरून हात फिरवायला गेल्या तर पोर अंग चोरून भिंतीकडे सरकली.

"वेळ लागतो, आई," उत्पला म्हणाली. सून मनाने वाईट नव्हती. नांदेडच्या शाळामास्तरणीची मुलगी, बोलणं तोलून. "तिला माणसाची सवय व्हायला वेळ लागतो."

"लागू दे की," पार्वतीबाई म्हणाल्या. पण महिना सरत आला होता आणि वेळच त्यांच्याकडे बेताचा होता.

पार्वतीबाई लेकरांच्याच खोलीत खाली गादी घालून निजत. पहिल्या दिवसापासून त्यांनी तिथेही दाराजवळ उतरंड रचली होती. तांब्या त्यांचा लातूरचा, पेला आणि वाटी सुनेच्या घरातली. एका संध्याकाळी त्या वाटी ठेवत असताना महामाया पलंगावरून खाली उतरली आणि शेजारी येऊन उकिडवी बसली. पहिल्यांदाच आपणहून जवळ आली होती. तिने उतरंडीकडे बोट केलं. "काय?"

एवढा एक शब्द, पण मराठी. 

"खेळ हाय," त्या म्हणाल्या. "भांडं पडलं की पळायचं. बघ." त्यांनी बोटाने वाटी पाडली, खण्ण वाजलं, आणि साठीपलीकडची ही बाई लुगडं सावरत दारापर्यंत धावली. पोर खदखदून हसली. "आणखी!" ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी हाच खेळ. वाटी पडली की महामायाने बोधीचा हात धरायचा आणि थेट जिन्यात जाऊन थांबायचं. बूट घालायचे नाहीत, बाहुली घ्यायची नाही. पोर मधेच मुद्दाम बुटांकडे वळायची आणि पार्वतीबाई ओरडायच्या, "चपला न्हाई! चपला न्हाई!" तीही तेच ओरडत पळायची. तिच्या तोंडी मराठी यायला लागली. "पाड ना आजी." "बोधी चल लौकर." आजीच्या मांडीवर बसून ती भाकरीचा पापुद्रा खाऊ लागली. रात्री आजीच्या गादीत शिरू लागली. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने धावण्याच्या आवाजाची तक्रार केली तेव्हा आदर्शने जाऊन माफी मागितली आणि परत येऊन उतरंडीपाशी उभा राहिला.

"माय, इथं भूकंप होत न्हाई."

"आपल्याकडं तरी कुठं होत होता?"

 त्याला ती भांडी ओळखू आली होती. पण गादीवर त्याची लेक आजीच्या गळ्यात हात टाकून बसली होती, आणि दोघींचं असं बसलेलं बघायलाच त्याने आईला बोलावलं होतं. तो निघून गेला.

लेकरं खेळाला कंटाळतात, पण 'का'ला कंटाळत नाहीत. चपला का नाही घ्यायच्या, असं महामाया रोज विचारायची. पार्वतीबाईंनी एकदा टाळलं, दोनदा टाळलं. मग एका दिवशी, पोर कुशीत असताना, बोलून गेल्या. एक पोरगी होती. तिचं नावबी महामाया. घर हललं तेव्हा ती चपला शोधत बसली, म्हणून ती न्हाई आता. पोरीने ऐकून घेतलं. रडली नाही, घाबरली नाही. झोपून गेली. पार्वतीबाईंनाच बरं वाटलं. त्या नावाची गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती, आणि सांगावी असं कुणी इतकं जवळ येऊन निजलंही नव्हतं.

डिसेंबरात बर्फ पडलं. किटात दुपारच्या जेवणाची ताटल्या-पेल्यांची ढकलगाडी कशाला तरी अडून उलटली. सगळी भांडी एकदम फरशीवर. बाकीच्या लेकरांनी कानांवर हात ठेवले. महामायाने शेजारी बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाचा हात धरला आणि ती पळाली. कुणाची तरी आई नुकतीच आत शिरत होती, दार उघडं होतं. दोन्ही लेकरं नुसत्या मोज्यांवर फाटकाबाहेर आणि तिथून रस्त्यावर. मोटारवाल्याने करकचून ब्रेक लावला. गाडी लेकरांपर्यंत आली नाही, पण तो लहान मुलगा बर्फावरून घसरून फुटपाथच्या कडेवर आपटला आणि त्याचं कपाळ फुटलं. टाके पडले.

पार्वतीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या बोधीला भरवत होत्या. तीनच्या आधीच दार उघडलं आणि आदर्श, उत्पला दोघंही महामायाला घेऊन आत आले. पोर आदर्शच्या खांद्यावर झोपलेली. त्याने तिला आत नेऊन ठेवलं. उत्पलाने अंगातला कोटही काढला नव्हता.

"आई, तुम्ही तिला काय शिकवलंत?"

पार्वतीबाईंना समजेना. आदर्शने बाहेर येऊन झालेलं सांगितलं, खाली बघत, तुटक तुटक.  पहिला प्रश्न पार्वतीबाईंनी विचारला तो त्या परक्या मुलाबद्दल. "ते लेकरू बरं हाय का?"

"ते बरं आहे," उत्पला म्हणाली. "त्याचे आईवडील तिथे उभे होते. ती शिक्षिका आम्हाला विचारत होती, तुमच्या घरात असं काय होतं की मुलगी अशी पळते? कुणी मारतं का? मी काय सांगू?"

"उत्पला," आदर्श म्हणाला.

"थांब. मला विचारू दे. आई, ती तिथे सगळ्यांसमोर म्हणाली, एक महामाया मेली, मी पण महामाया, म्हणून मी बूट घेतले नाहीत. कोण महामाया?"

पार्वतीबाईंनी आदर्शकडे बघितलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की त्याने बायकोला सांगितलेलंच नव्हतं. भूकंपात एक बहीण गेली, एवढं सांगितलं होतं. तिचं नाव सांगितलं नव्हतं.

लेकीला कुणाचं नाव दिलंय ते उत्पलालाही कळलं. "तू मला म्हणालास, बुद्धाच्या आईचं नाव आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "मी माझ्या आईला तेच सांगितलं. सगळ्या नांदेडला पेढे वाटले मी त्या नावाचे."

"बुद्धाच्या आईचंच हाय की ते," पार्वतीबाई हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला त्या दिवशी काय झालं ते मला कळू शकत नाही, आई. आमच्या नांदेडला नुसत्या खिडक्या वाजल्या होत्या. मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. पण ते तुमच्यावर आलं होतं. माझ्या पोरीवर तुम्ही ते कशाला आणलंत?"

 पार्वतीबाईंच्या तोंडून एवढंच निघालं, "जगावी म्हणून शिकवलं, माय."

त्याच संध्याकाळी त्यांनी उतरंड मोडली. तांब्या बॅगेत गेला. पण पोरीच्या डोक्यातून ते निघेना. चमचा पडला तरी ती उठून दाराकडे धावे. बूट घालायला घेतले की किंचाळे, म्हणून किटा बंद झाली. उत्पलाला पुन्हा रजा टाकावी लागली. रात्री पोर पलंगावर निजेना, दाराशी फरशीवर येऊन निजे, आणि बोधीचा हात सोडत नसे. लेकरांच्या मनाची डॉक्टरीण होती तिच्याकडे नेलं. तिने सांगितलं ते आदर्शने मराठीत करून सांगितलं: काही महिने जातील, घरात शांतता हवी, आठवण करून देणारं काही समोर नको.

पार्वतीबाईंनी आपल्या परीने उलटं करून बघितलं. पोरीला जवळ घेऊन म्हणाल्या, "खोटं होतं ते सोन्या. खेळ होता. अशी पोरगी नव्हतीच." नव्हतीच म्हणताना त्यांची जीभ अडखळली. पोरीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "मग आजी का रडते?"

व्हिसाचे दिवस शिल्लक होते. आदर्शने तिकीट अलीकडचं केलं. त्याला ते बोलून दाखवता येईना, तर पार्वतीबाईच म्हणाल्या, "मीच म्हननार होते. मेसला माझ्याबिगर कसं चालंल?" विमानतळाकडे निघताना महामाया दाराशीच झोपलेली होती. तिला ओलांडूनच बाहेर पडावं लागलं.

लातुरात सुलतानबीने मेस नीट सांभाळली होती. "लौकर आलीस गे? भाकरी आवडली न्हाई व्हय त्यांना?" तिने विचारलं. मग तोंड बघून ती भाजी चिरायला बसली. नवीन वर्षापासून नांदेडहून उत्पलाची आई, गयाबाई, तिकडे गेल्या. आदर्शनेच सांगितलं. गयाबाई महामायाला चित्रं काढायला शिकवतात, गाणी म्हणतात, म्हणाला. पार्वतीबाई म्हणाल्या, "शाळंतल्या बाई हायत, त्यांला कळतं लेकरांचं."

आता महामायाला सगळे मिया म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. किटातही तेच नाव लावलंय. हळूहळू बरी होते आहे. बूट घालते. पलंगावर निजते.

एका रविवारी त्याने व्हिडिओ लावला. आधी बोधी दिसला, चांगला धावायला लागलेला. मग पलीकडून चित्र काढत बसलेली पोर. "मिया, बघ कोण," आदर्श म्हणाला. पोरीने मान वर केली. काचेत आजीचं तोंड बघितलं. हातातला रंग टाकला, बोधीचा हात धरला आणि चौकटीतून निघून गेली. मागून दार उघडल्याचा आवाज, गयाबाईंची हाक, जिन्यात धावलेली पावलं, सगळं पार्वतीबाईंना फोनमधून ऐकू आलं. फोन तिकडे कुठेतरी टेबलावर पडला असावा. बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आदर्शने ऑफिसातून फोन केला. पार्वतीबाई भाजीला फोडणी देत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"जिन्यात सापडली ना?" त्यांनी विचारलं.

"हाव. बर्फ नव्हतं, बरं झालं."

"मला पुन्हा दाखवू नको तिला."

"माय, असं काय बोलायलीस? लेकरू हाय. दोन-तीन वर्षांत इसरून जाईल."

"काय इसरंल?"

पार्वतीबाईंनी गॅस बंदच केला.

"ते इसरायचं म्हनलं तर मलाबी इसरावं लागंल तिला," पार्वतीबाई म्हणाल्या. "फोटूबी ठेवू नको माझा घरात. तू असाच ऑफिसातून करत जा फोन. ती कशी हाय तेवढं सांगत जा. मी येत न्हाई आता. पुढच्या वर्षीबी न्हाई, आनी त्याच्या पुढच्याबी न्हाई. चालंल ना?"

त्या थांबल्या. पोराने काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला. पलीकडे त्याच्या ऑफिसातली माणसं त्यांच्या भाषेत बोलत होती.

आदर्शने नाही म्हटलं नाही.